कन्हानला गेलेली आई

११ एप्रिल १९७६, रविवार. ऊन चढायच्या आत कुलरला वाळ्याच्या नव्या ताट्या बांधून व्हायला हव्या होत्या. दुपारी मुलीला बघायला माणसं येणार होती. मी स्टुलावर उभी राहून सुतळी आवळत होते आणि नणंद खालून ताटी धरून होती. वाळ्याची काडी टोचली म्हणून मी हनुवटी खाजवली.

"हात नको लावू वं तिकडं," नणंद म्हणाली. "समोरची पाहून राहिली खिडकीतून."

माझ्या हनुवटीवर दाढी होती. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला फुटते तशी. ओठांवर दाट, जबड्यावरून कानापर्यंत विरळ. डॉक्टरांनी तिला हात लावायची मनाई केली होती आणि ती मुदत दुसऱ्या दिवशी, सोमवारी, संपणार होती.

मी मुलींच्या शाळेत शिवण शिकवत असे. दुसऱ्यांची अंगं मापायची सवय, त्यामुळे स्वतःच्या अंगात काय चाललंय हे मला कळत होतं, फक्त त्याचा अर्थ कळत नव्हता. दोन वर्षांत पोट सुटलं, चेहरा पुरीसारखा फुगला आणि लाल झाला, मानेमागे चरबीचा उंचवटा आला. ब्लाउजची कंबर मी उसवून वाढवत होते आणि त्याच ब्लाउजच्या बाह्या आत घेत होते. दंड काटकुळे होत चालले होते. चाळिशीनंतर बायका सुटतातच, असं सगळे म्हणत. शिक्षकांच्या खोलीत विचारत, "डब्यात काय आणता हो बाई? आम्हालाही सांगा." मी हसत असे आणि अर्धी पोळी कमी खात असे.

केसांचं मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. रोज पहाटे न्हाणीघरातल्या झरोक्याखाली उभी राहून मी शिवणाच्या दोऱ्यानं तोंड साफ करायची. एक टोक दातात, दोन बोटांत पीळ. डोळ्यांतून पाणी यायचं. मग पावडर. आमच्या ह्यांना दीड वर्ष कळलं नाही, किंवा कळूनही ते बोलले नाहीत. मी विचारलं नाही.

त्या वर्षी जानेवारीत एक शल्यचिकित्सक शाळेत आले. ग्रंथींच्या गाठींवर त्यांचं संशोधन चालू होतं आणि त्यासाठी ते शाळांमधून मुलींच्या माना तपासत फिरत. शहरात सगळे त्यांना गाठीचे डॉक्टर म्हणत. मुलीनं घोटभर पाणी प्यायचं आणि ते गळ्यावर बोटं ठेवून बघायचे, गिळताना गाठ वर सरकते का. पेला धरायचं काम माझ्याकडे होतं. सातवीचा वर्ग रांगेत उभा होता. एका मुलीच्या मानेवरचा हात काढता काढता ते माझ्याकडे बघायला लागले. एखाद्या भिंतीला ओल कुठवर आली आहे हे बघावं तसं.

"बाई, तुमच्या पोटावर जांभळे पट्टे आलेत का?"

मी म्हटलं, "पुढची मुलगी घ्या."

"आणि दाढी? दाढी येते का तुम्हाला?"

मागे कुणीतरी फस्सकन हसलं. मग सगळी रांग हसली. मी पेला टेबलावर ठेवला आणि बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी फळ्यावर पट्ट्यापट्ट्यांचा भोपळा काढलेला होता, त्याला मिशा होत्या. मी तो पुसला आणि काजे कसे करायचे ते शिकवलं.

पट्टे होते, म्हणूनच मी त्या डॉक्टरांकडे गेले नाही. होळीच्या सुमारास पाण्याची बादली उचलताना बरगडी मोडली. बादली काही मोठी नव्हती. तेव्हा मात्र गेले.

जाताना नेहमीसारखी गेले. अंघोळ करून, दोरा फिरवून, पावडर लावून, लांब बाह्यांचा ब्लाउज आणि इस्त्रीची साडी. पारोशा अंगानं देवळात जात नाहीत तसं डॉक्टरकडेही जायचं नाही, ही आमच्या घरची रीत. त्यांनी माझं तोंड उजेडाकडे वळवलं आणि वैतागून म्हणाले,

"हे साफ कशाला केलंत?"

"म्हणजे?"

"दोन वर्षं बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या खाताय. त्या डॉक्टरांकडेही अशाच जात होता? पावडरबिवडर लावून?"

"मग काय पारोशी जाऊ?"

ते मोठ्यानं हसले. मग कागदावर मूत्रपिंड काढलं आणि त्याच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी काढली. म्हणाले, बहुतेक इथे गाठ आहे, ती नको तितका रस अंगात सोडते आहे. पोट, पट्टे, हाडं, केस, सगळं त्यातूनच. गाठ साधी असेल तर काढली की काम संपलं. वाईट जातीची असेल तर केस फार झपाट्यानं आणि राठ येतात. "चाचण्या मुंबईला पाठवू. पण माझ्या डोळ्यांनाही बघू द्या. तीन आठवडे दोरा बंद."

आणि मग फोटोचा विषय काढला. परकरावर उभं राहायचं, समोरून, बाजूनं, मागून. मी म्हटलं, ते जमणार नाही.

"जबरदस्ती नाही," ते म्हणाले. "पण ऐका. आमच्या पुस्तकांत या आजाराची जी बाई आहे ती गोरी आहे. तिचे पट्टे जांभळे दिसतात. आपल्याकडच्या कातडीवर ते कसे दिसतात हे आपल्या डॉक्टरांनी पाहिलेलंच नाही. म्हणून तुम्हाला दोन वर्षं कुणी ओळखलं नाही. लेखात फोटो छापताना डोळ्यांवर काळी पट्टी टाकतो."

"डोळ्यांनी ओळखतात होय मला?" मी म्हटलं. "फोटोचं बघू."

शाळेत दाढ दुखते म्हणून सांगितलं आणि जबड्याला पांढरं फडकं बांधून जायला लागले. डोक्यावर गाठ. चाचणीसाठी दिवसभराची लघवी कॅनमध्ये साठवून द्यायची होती. तो कॅन मांडीवर धरून मी सायकलरिक्षानं हॉस्पिटलकडे निघाले, तर चौकात भूगोलाच्या बाईंनी रिक्षा थांबवली. "रॉकेल कुठे मिळालं हो? आमच्याकडे चार दिवस नाही." मी म्हटलं, संपलं आता. त्या कॅनकडे बघतच राहिल्या.

हे सगळं मी निभावलं असतं. पण मध्येच इतवारीतल्या एका धान्याच्या व्यापाऱ्यांकडून मुलीसाठी निरोप आला. मुलगा शिकलेला, घर चांगलं, आणि त्यांना याच रविवारी यायचं होतं. मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. मुलाला तिनं एका लग्नात पाहिलं होतं आणि तिच्या मनात तो भरला होता, हे तिनं न सांगताच कळत होतं.

शनिवारी रात्री जेवताना ती म्हणाली, "आई, एक दिवस दोरा फिरव ना."

"सोमवारी दाखवायचंय. तीन आठवडे वाया जातील."

"दोन दिवसांनी काय फरक पडतो?"

"गाठ कोणती आहे ते त्यांना बघायचंय. मारणारी आहे की साधी आहे ते."

तिनं ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "मग तू बाहेर येऊ नकोस."

आमच्या ह्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला आणि पुन्हा घातला. बोलली ती नणंद. "त्यात काय? सांगू का माय कन्हानला गेली भावाकडं. भाऊ सीरियस आहे. मी आहो नं, मोठी आत्या. माह्यासारखी मोठी आत्या असल्यावर मायची काय गरज?"

मी म्हटलं, "ठीक आहे." मुलीनं माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मला तिचा राग आला नाही. तिच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. हेच मला जास्त लागलं.

तर रविवारी दुपारी बैठकीत वाळ्याचा वास सुटला होता आणि मी स्वयंपाकघरात, दार अर्धं लोटून, आलुबोंडे तळत होते. अंगावर जुनी सुती साडी, जबड्याला फडकं. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. नणंद जोरजोरात सांगत होती, "काय सांगू, टेलिग्रामच आला. रडतच गेली बिचारी वहिनी." मला स्वतःच्या भावाच्या जिवावर उठल्यासारखं वाटलं. बोंडे लाल व्हायला लागले म्हणून झारा घातला.

मुलगी चहा घेऊन गेली. थोड्या वेळानं दार ढकलून एक ठेंगणी, जाडजूड बाई आत आली. अंगावर पैठणी, हातात गोळीची पुडी. मुलाची आई.

"पाणी दे वं जरा. बीपीची गोळी घ्यायची आहे. ते बाहेर शरबत पाजून राहिले, शरबतासंग का गोळी घेतात?"

मी माठातलं पाणी दिलं. गोळी घेऊन त्या तिथेच पाटावर बसल्या. "इथंच बरं आहे. बाहेर माणसायचं बोलणं सुरू आहे, भाव काय अन् पाऊस काय." मग माझ्याकडे पाहिलं. "दाढ दुखते?"

"हो."

"लवंग धर दाढेत. या घरची सैपाकवाली तू?"

सांगायला तेवढाच क्षण होता. मी म्हटलं, "हो."

"किती वर्सं झाले?"

"खूप."

"मंग तुले सारं मालूम असन." त्यांनी पाट पुढे सरकवला. "पोरगी कशी आहे? खरं सांग. मी कोणाले सांगत नाही."

"चांगली आहे."

"हे तं बाहेर बी सांगून राहिले. तापट आहे का?"

"आहे थोडी."

"कामाची?"

"पोळ्या चांगल्या करते. भाजीत मीठ विसरते."

त्या खदखदून हसल्या. "माहा पोरगा भाजीत मीठ आहे का नाही, हे दुसऱ्या दिवशी सांगते. जमन." मग आवाज खाली आणला. "अन् माय कशी आहे वं?"

मी कढईत बघत म्हटलं, "बऱ्या आहेत."

"मास्तरीण आहे म्हणतात. मास्तरणीची मले भीतीच वाटते. व्याहीण बी वर्गात उभी करन का काय. पण पोरीच्या पाहण्याले मायच घरी नाही, हे मले काही जमलं नाही. काहून गेली?"

"भाऊ आजारी आहे."

"ते ऐकलं. तुले विचारून राहिलो मी. नवरा-बायकोत काही आहे का? का तिले काही बिमारी-गिमारी? वेडबिड, कोडबिड?"

"नाही हो. फार चांगल्या आहेत. कामाला वाघ आहेत." हे माझ्याच तोंडून निघालं. दुसऱ्या बाईच्या नावानं मी माझीच वकिली करत होते. कानाच्या पाळ्यांपर्यंत गरम झाले.

बोंडे काढायला वाकले तशी फडक्याची गाठ सुटली आणि फडकं गळ्यात आलं. एका हातात झारा, दुसऱ्यात ताट. लपवायला हात नव्हता. त्यांनी पाहिलं. माझं तोंड पूर्ण त्यांच्याकडे होतं आणि खिडकीचा उजेड त्यावर होता.

मुलाच्या आई उठल्या. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी माझ्या हातातलं ताट घेऊन ओट्यावर ठेवलं.

"दाढ नाही दुखत तुही."

"नाही."

"डाक्टरले दाखवलं?"

"दाखवलं. काढायचं नाही म्हणालेत. त्यांना बघायचंय."

"मंग ठेव. डाक्टर सांगते ते ऐकावं." त्यांनी फडकं वर ओढलं, पदराला हात पुसला आणि माझ्या डोक्यावर घट्ट गाठ मारली. आईनं बांधावी तशी, जरा जास्तच घट्ट. "माह्या मावशीले होते असे केस. लोकायनं लय छळलं तिले. घरातल्यायनंच." मग एक बोंडा उचलून तोंडात टाकला. "मस्त झाला आहे. लग्न जमलं तं लाडू-चिवड्याले तूच ये आमच्याकडं. बोलावतो मी."

त्या गेल्यावर मी गॅस बंद केला आणि तिथेच, त्या उठून गेल्या होत्या त्या पाटावर बसले. मला दाढीची लाज वाटत होती तीन आठवडे. तिची सवय झाली होती. ही लाज वेगळी होती. त्या बाईनं माझं उघडं तोंड पाहून मला माणूस म्हणून वागवलं होतं, आणि मी तिला माझं खरं नातंही सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी निरोप आला. मुलगी पसंत. मुलगी धावत स्वयंपाकघरात आली, "आई, जमलं!" म्हणाली आणि माझ्या गळ्यात पडायला निघाली, पण मध्येच थांबली आणि माझा हात धरला. मी तिचा हात दाबला.

नणंदेनं पुढचं सगळं ठरवून टाकलं होतं. "उद्या डाक्टरले दाखव अन् तोंड साफ कर. चार दिवसांनी कन्हानवरून वापस ये. चांगलं पातळ नेस, चष्मा लाव. कोण ओळखते? सैपाकवालीचं तोंड कोणाच्या ध्यानात राहते?"

"त्या आत आल्या होत्या," मी म्हटलं. "बोलल्या माझ्याशी."

"मंग? आवाज बदलव थोडा."

आमचे हे म्हणाले, "ऑपरेशन झालं की चेहरा बदलतोच, असं डॉक्टर म्हणाले होते ना? मग तर प्रश्नच नाही."

हे खरं होतं, आणि मी व्यवहारी बाई आहे. मी नीट विचार केला. चेहरा उतरेल, केस गळतील, पोट जाईल. सहा महिन्यांनी लग्नात जी बाई उभी राहील ती त्या सैपाकवालीसारखी मुळीच दिसणार नाही. लाडूंच्या वेळी, ती बाई काम सोडून गेली असं सांगता येईल. सगळं बसत होतं. कुठेही टाका सुटत नव्हता. आणि जन्मभर मला त्या बाईसमोर अंग चोरून बसायला लागलं असतं, ती पुन्हा सांगेल तेव्हा मावशीची गोष्ट पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकायला लागली असती. मुलगी झोपायला गेली तेव्हा तिच्या दाराशी जाऊन मी सांगितलं, "सकाळी मी इतवारीला जाणार आहे." ती उठून बसली. "आई, नको," म्हणाली. मग पाय खाली सोडून म्हणाली, "मी येऊ?" मी म्हटलं, नको, तुझा पेपर आहे.

सोमवारी सकाळी मी अंघोळ केली, शाळेत जाताना नेसते ती साडी नेसले आणि फडकं न बांधता निघाले. रिक्षावाला पायडल मारता मारता दोनदा मागे वळून बघत होता. मी त्याला म्हटलं, पुढे बघ, खड्डा आहे.

इतवारीतल्या त्या घरी मुलाच्या आई अंगणात गहू पाखडत होत्या. "अवं, तू? इतक्या सकाळी? कोणी पाठवलं?"

"कुणी नाही. मी सैपाकवाली नाही. मुलीची आई आहे."

सूप त्यांच्या हातात तसंच राहिलं. त्यांचं तोंड लाल झालं. "मी तुले 'तू' म्हटलं," त्या म्हणाल्या. "वेडी-कोडी काय काय विचारलं. अन् तू उभी राहून ऐकून राहिली? मजा पाहून राहिली माही?"

"मजा नाही. लाज वाटत होती म्हणून खोटं बोलले. आमच्या ह्यांना दोष देऊ नका, मुलीला तर नकोच. 'हो' मीच म्हटलं."

"मंग आज काहून आली?"

"ऑपरेशननंतर हा चेहरा राहणार नाही. मग तुम्हाला कधीच कळलं नसतं. म्हणून आत्ताच दाखवायला आले." मग मी गाठीचं सगळं सांगितलं. कुठे आहे, दोन जाती कोणत्या, आणि ती वाईट निघाली तर काय. आजारी आईची मुलगी नको असेल तर तसं आजच सांगा, असंही म्हटलं.

त्या सुपातले गहू नखानं ढवळायला लागल्या. राग गेलेला नव्हता. "ऑपरेशन कधी?"

"मुंबईचा रिपोर्ट आला की."

"मंग तारीख त्याच्या बादची काढू. मायले दवाखान्यात टाकून आम्ही लग्न करत नसतो." आणि मी उठले तेव्हा, "जेवून जा म्हणणार नाही आज. माहं डोकं ठिकाणावर नाही. पाणी घ्या." पाणी घे नव्हे, घ्या. ते मी ऐकलं, आणि पाणी प्याले.

तिथून थेट हॉस्पिटलात गेले. डॉक्टरांनी माझी हनुवटी उजेडाकडे वळवली, बोटांनी केस चाचपले, भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, "मऊ आहेत. फार वेगही नाही. मला बरं वाटतंय, पण रिपोर्ट येऊ द्या." मग जरा चाचरत विचारलं, "फोटोचं काय ठरवलंत?"

मी म्हटलं, "काढा."

शेजारच्या खोलीत भिंतीवर चौकटी आखलेला फळा होता आणि जमिनीवर खडूची फुली. फोटोवाला वयस्क गृहस्थ होता, काळ्या कापडात डोकं घालून बसला होता. नर्सनं खिडकी लावली. मी ब्लाउजची बटणं काढली, ब्लाउज घडी करून स्टुलावर ठेवला, साडी सोडून त्याच्यावर ठेवली, आणि फुलीवर जाऊन उभी राहिले.